घरचा ए.सी. मापाचा आहे का?

कापड मीटरने विकले जाते, धान्य किलोने, आणि दोन्हींत माप चोख असावे याबद्दल आपल्या बाजारात दुमत नाही. ए.सी. मात्र ‘टना’ने विकला जातो. हा टन म्हणजे नेमके काय, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसते. खोलीची लांबी-रुंदी विचारायची, १०० ते १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, त्यापुढे दीड टन, असा हिशेब तोंडी करायचा आणि ‘थोडा मोठाच घ्या भाई, पुढे तक्रार नको’ म्हणून पावती फाडायची, असा शिरस्ता पडला आहे. पस्तीस-चाळीस हजारांची वस्तू अशा अंदाजावर घेतली जाते आणि तिचे वीजबिल पुढे दहा वर्षे भरले जाते.

हा टन मुळात बर्फाच्या व्यापारातला. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता ओढून घेतो, त्याच वेगाने खोलीतील उष्णता बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे. आकड्यात ते ३,५१७ वॅट होते. हे वॅट विजेच्या मीटरचे नव्हेत. वीज याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिस्स्याइतकीच लागते. या हिशेबाने दीड टन म्हणजे ५,२७५ वॅट व्हायला हवेत; पण बाजारात दीड टन म्हणून मिळणाऱ्या यंत्रांपैकी कित्येकांची क्षमता ४,७०० ते ५,१०० वॅट एवढीच असते. ही चोरी नव्हे, कारण आकडा छापलेला असतो. तारांकित लेबल २०१० सालापासून सक्तीचे आहे. आपण तारे मोजतो आणि वॅट वाचत नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट. तो आकडा बाहेर ३५ अंश तापमान धरून काढलेला असतो. मे महिन्यात मालेगावात पारा ४३ वर गेला, की तेच यंत्र छापलेल्यापेक्षा कमी थंडावा देते. कॉम्प्रेसरचा बाहेरचा डबा पत्र्याच्या आडोशाला कोंबला असेल, तर आणखी कमी.

आता एकाच मापाच्या दोन खोल्या घेऊ. दोन्ही दहा बाय बाराच्या, उंची दहा फूट. पहिली रत्नागिरीत, इमारतीच्या मधल्या मजल्यावर. एकच भिंत बाहेरची, खिडकी उत्तरेला, झोपणारी माणसे तीन. भिंती, छत व जमीन यांतून येणारी उष्णता, माणसांच्या अंगाची उष्णता, दिवा-पंखा आणि फटींतून येणारी दमट हवा, सर्व मिळून हिशेब १,६०० ते १,८०० वॅटच्या आसपास जातो. म्हणजे अर्धा टन! तिथे एक टनाचे यंत्र पुरून उरेल.

दुसरी खोली मालेगावात, सर्वांत वरच्या मजल्यावर. तिथेच शिलाईचे काम चालते. डोक्यावर उघडा स्लॅब, तो एकटाच भर दुपारी साडेनऊशे वॅट आत सोडतो. पश्चिमेच्या चार बाय चारच्या खिडकीतून उन्हाचे सहाशे-सातशे वॅट. काम करणारी चार माणसे म्हणजे पाचशे. हजार वॅटची इस्त्री, निम्मा वेळ चालू धरली तरी आणखी पाचशे. भिंती, जमीन, मशिनच्या मोटारी आणि सारखे उघडणारे दार धरून बेरीज ४,५०० वॅटवर जाते. उन्हामुळे होणारी घट धरली, तर छापील ५,२०० वॅटचे यंत्रही जेमतेम पुरेल.

क्षेत्रफळ तेच आणि गरज अडीचपट. चौरस फुटाचा ठोकताळा दोघांनाही एकच यंत्र देतो. रत्नागिरीवाल्याचे पैसे जास्त जातात आणि मालेगाववाल्याचा कारागीर घामाघूम राहतो.

जास्त पैसे गेले तरी गारवा तर जास्त मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. पण समुद्रकाठच्या दमट हवेत तसे होत नाही. ए.सी.ला हवा थंड करावी लागते आणि हवेतील पाणीही काढावे लागते. वर सांगितलेल्या खोलीत तासाभरात एकदा हवा बदलली, तरी तिच्याबरोबर चारशे ग्रॅमपेक्षा अधिक पाणी आत येते. हे पाणी थंड कॉइलवर जमून थेंबाथेंबाने नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो. यंत्र फार मोठे असेल, तर पाच-सात मिनिटांत हवा थंड होते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. कॉइलवरचे पाणी नळीपर्यंत पोहोचलेलेच नसते. पंखा फिरत राहतो आणि तेच पाणी पुन्हा खोलीत सोडतो. परिणामी खोली गार पण चिकट, गादी ओलसर, भिंतीला बुरशी. माणूस तापमान आणखी खाली आणतो आणि बिल चढते. शिवाय कॉम्प्रेसरची झीज दर वेळी सुरू होण्यात अधिक होते.

‘इन्व्हर्टर आहे, मोठा घेतला तरी चालतो’ हे दुकानातले वाक्य अर्धेच खरे आहे. इन्व्हर्टर वेग कमी करतो, पण त्यालाही खालची मर्यादा आहे. गरज त्याहूनही कमी असेल, तर तोही बंद-चालू होऊ लागतो.

यंत्र घरात आलेच असेल, तर तपासावे कसे? आधी जाळी धुवून घ्यावी, गॅस आणि व्होल्टेज ठीक आहे ना ते पाहावे. नाहीतर दोष एकाचा आणि आळ दुसऱ्यावर. मग कडक उन्हाच्या दुपारी दारे लावून २५ अंशांवर ठेवावे आणि घड्याळ घेऊन बसावे. साध्या यंत्राचा कॉम्प्रेसर अशा वेळी जवळजवळ सलग चालला पाहिजे, मध्ये थोडी विश्रांती. पाच मिनिटे चालू, पाच मिनिटे बंद असा खेळ दिसला, तर यंत्र मोठे. मध्यरात्रीही क्षणभर थांबत नसेल, तर लहान. इन्व्हर्टर असेल, तर मेकॅनिककडून क्लॅम्प मीटर लावून घ्यावा. सुरुवातीचे अँपिअर खोली गार झाल्यावर बरेच उतरले पाहिजेत. कोकणात आणि मुंबईत नळीखाली बादली ठेवावी. पावसाळ्यात रात्रभर चालूनही ती कोरडी राहिली, तर शंका घ्यावी. मालेगाव किंवा औरंगाबादकडे मे महिन्यात पाणी पडले नाही तर घाबरू नये, तिथे हवेतच पाणी नसते.

यंत्र लहान ठरले म्हणून लगेच बदलायला धावू नये. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून झाप बांधली, तर त्या मालेगावच्या खोलीतील हजार वॅटच्या आसपास उष्णता कमी होते. हा जवळजवळ पाव टनापेक्षा अधिक गारवा झाला, आणि खर्च चुन्याचा व बांबूचा. पडदा आतून लावून तेवढे साधत नाही. ऊन काच ओलांडून आत आलेले असते. इस्त्रीचे टेबल शेजारच्या खोलीत नेता आले, तर आणखी पाचशे वॅट वाचतात.

ए.सी. बसवण्याच्या धंद्यात आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आहेत, कित्येक आखातातून काम शिकून आलेले. त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्याच्याकडे मशवरा मागितला जातो, त्याच्याकडे ती अमानत असते, ही शिकवण आपल्याला नवी नाही. गिऱ्हाईक टन सांगत येते, पण त्याला खरे तर मशवराच हवा असतो. फिकहमध्ये मालातील ऐब लपवला, तर गिऱ्हाइकाला माल परत करण्याचा हक्क आहे. गरजेहून मोठे यंत्र ऐबदार ठरते की नाही, हे उलेमांनी सांगावे. पण खोली न पाहता दीड टन गळ्यात मारणारा स्वतःला हुशार व्यापारी समजत असेल, तर तो चुकतो. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी मुलाच्या खोलीसाठी दुसऱ्याच दुकानात जाते. उलट ‘तुम्हाला एक टन पुरेल, उरलेल्या पैशात आधी स्लॅबला चुना मारा’ असे सांगणाऱ्याचे नाव मोहल्ल्यात चार घरी घेतले जाते.

खोली पाहायला जाताना टेपबरोबर एक वही न्यावी. वर कोणता मजला, ऊन कोणत्या भिंतीवर आणि किती वाजता, माणसे किती, इस्त्री किंवा चूल आहे का, हे लिहून घ्यावे. घेणाऱ्यानेही पावतीवर ‘दीड टन’ एवढेच न लिहवून घेता मॉडेल क्रमांक आणि क्षमता वॅटमध्ये लिहवून घ्यावी.