दोषांसकट वाद्य

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ठेका धरणारे यंत्र आणले, तेव्हा ते खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही, ही त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार होती. त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-१ आले. त्यात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते आणि किंमत जवळपास ५,००० डॉलर. ८०८ त्याच्या चौथाई भावात मिळे. सुमारे १२,००० यंत्रे बनवून रोलँडने १९८३ मध्ये उत्पादन थांबवले. पुढे याच 'खोट्या' आवाजांवर हिपहॉप आणि नृत्यसंगीत उभे राहिले. मुंबईत तर चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी काढली होती. अशी वाद्ये संगणकात पुन्हा उभी करण्यासाठी विद्यापीठे पीएच.डी. देतात म्हटल्यावर भुवया उंचावणारच. जुन्या, स्वस्त यंत्राच्या आठवणी काढण्याला संशोधन कसे म्हणायचे? माझ्या मते या प्रबंधांत स्मरणरंजन फारसे नाहीच. एखादे वाद्य असे का वाजते, याचे सर्वांत कठोर उत्तर त्यांत मिळते, कारण उत्तर चुकले तर ते कानाला लगेच कळते.

पहिला आक्षेप सरळ आहे: मूळ यंत्राचा आवाज मुद्रित करून ठेवला की काम संपले. ८०८च्या बास ड्रमपाशी हा आक्षेप टिकत नाही. या ड्रममध्ये कातडे नाही की मुद्रित नादही नाही. सुमारे एक मिलिसेकंदाचा विद्युत-धक्का एका सर्किटला बसतो आणि ते सर्किट जवळपास ५० हर्ट्झवर घुमत विरते. धक्क्यानंतरचे काही मिलिसेकंद सूर बराच वर असतो, आणि विरतानाही तो किंचित खाली उतरत जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले कर्ट वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या सर्किटचे सुटे भाग तपासून दाखवले की विरताना सूर उतरण्याचा हा 'सुस्कारा' सर्किटमध्ये झिरपणाऱ्या प्रवाहामुळे येतो. ध्वनिमुद्रणात तो सुस्कारा ऐकू येईल, पण त्याचे कारण कळणार नाही. शिवाय डग्ग्यावरचा घुमारा विरायच्या आत दुसरी थाप पडली तर ती पहिलीसारखी वाजत नाही, तसेच इथेही होते: उरलेले कंपन नव्या धक्क्यात मिसळते. मुद्रित आवाज दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. त्याला आधीचा ठोका ठाऊकच नसतो.

सर्किटचे गणित मांडले तरी ते संगणकात सहजी उतरत नाही. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरमधला प्रसिद्ध फिल्टर घ्या. त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. त्यात चार पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीचा आवाज पुन्हा पहिलीत सोडला जातो. विजेच्या तारेत हे त्याच क्षणी घडते. संगणक मात्र सेकंदाचे ४४,१०० तुकडे पाडून एकेक तुकडा मोजतो, म्हणून परतणारा आवाज एक तुकडा उशिरा पोचतो. उशीर नगण्य वाटतो, पण टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये दाखवलेली अडचण तीच होती: एवढ्या उशिरानेही फिल्टरची दोन नियंत्रणे एकमेकांत अडकतात आणि एक फिरवले की दुसऱ्याचा परिणाम बदलतो. फिनलंडच्या आन्टी हुओविलाइनेन यांनी २००४ मध्ये प्रत्येक पायरीतल्या ट्रान्झिस्टरांचे वक्र वर्तन गणितात आणले, तेव्हा जोरात वाजवल्यावर येणारा दाटपणाही संगणकात उतरू लागला. संगीतकार ज्याला 'ऊब' म्हणतात तिचा मोठा भाग हाच. दुसरी वाट जर्मन अभियंते आल्फ्रेड फेटवाइस यांच्या, १९७०च्या आसपासच्या पद्धतीची. ती संगीतासाठी घडलेली नव्हती आणि गुंतागुंतीच्या सर्किटांपाशी अडखळत असे. ती मर्यादा ओलांडणे हा वर्नर यांच्या २०१६च्या प्रबंधाचा गाभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कोणते ८०८? सुट्या भागांची मूल्ये थोडी इकडेतिकडे असतात, त्यामुळे दोन यंत्रे तंतोतंत सारखी नसतात. शिवाय रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीच सांगितले आहे की या यंत्रात सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते. पुढे असे भाग मिळेनासे झाल्यामुळे उत्पादन थांबवावे लागले. मग आदर्श प्रत कशाची करायची? माझ्या मते ही अडचण सर्किटच्या गणिताच्या बाजूनेच बोलते. एका यंत्राचे ध्वनिमुद्रण त्या एकाच यंत्राचे राहते. गणितात मात्र प्रत्येक भागाचे मूल्य बदलता येते, म्हणून त्यात बनलेली आणि बनू शकली असती अशी सगळी ८०८ मावतात, दोषांसकट.

आता न्यूरल नेटवर्क आले. यंत्राचा आवाज ऐकवून ते शिकवता येते, सर्किट समजून घ्यावे लागत नाही. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरांवर ही पद्धत चांगली चालते आणि केवळ कानाच्या कसोटीवर ती पुढेही जाईल. पण तिने जे ऐकलेले नाही त्याबद्दल तिचा भरवसा नाही. जुन्या यंत्रांचे मालक डाग देऊन एखादा कपॅसिटर बदलतात आणि नवा आवाज काढतात. वर्नर यांच्या ८०८मध्ये तो कपॅसिटर गणितातच आहे, त्यामुळे डाग न देता तोच फेरफार करून पाहता येतो.