मावशीचा पाण्याचा तांब्या

आपल्याकडच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईला असतेच. माझी मावशी लग्न होऊन गिरगावात गेली आणि चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर तिने पन्नास वर्षे काढली. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. रात्री उठावे लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नसे. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. मी डॉक्टर असून मलाही नाही. रक्तदाबाची गोळी मात्र ती न चुकता घेई, आणि ती गोळी लघवी वाढवणारी होती. एका पहाटे ती झटकन उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उंबऱ्यापाशी कोसळली. खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया परळला झाली, चांगली झाली. पण तीन जिने चढणार कशी? मावसभाऊ आणि वहिनी दोघेही नोकरीला. शेवटी दादरच्या एका लहानशा वृद्धनिवासात तिला ठेवायचे ठरले. "म्हणजे टाकलंत मला," एवढेच ती बोलली. भाऊ खाली मान घालून बसला होता.

पुढे मी तिला भेटायला गेलो. तळमजल्यावर चार खोल्या, अकरा माणसे. चालवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. प्रत्येकाच्या उशाशी नाव लिहिलेला तांब्या. तो किती रिकामा झाला, हे सिस्टर स्वतः पाहतात. वाचकहो, उतारवयात तहान लागण्याची जाणीवच मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा मागत नाही. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे. आणि रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.) उठतानाही घाई नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचे, मग उभे राहायचे. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो.

तिथले एक आजोबा अचानक रात्री ओरडू लागले, मुलालाही ओळखेनात. घरच्यांना वाटले, झाले, डोके गेले. सिस्टरांनी आधी लघवी तपासून घेतली. जंतुसंसर्ग निघाला. म्हातारपणी ताप न येता नुसता भ्रम होऊ शकतो. औषधे सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत आजोबा पुन्हा पेपर वाचत बसलेले दिसले.

१९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या गरीबगृहातले (वर्कहाउस) शेकडो जुने, अंथरुणाला खिळलेले रुग्ण सोपवले गेले. त्यांनी एकेकाला नीट तपासले, खाटेवरून उठवले, चालवले. कित्येक जण घरीही गेले. वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवात तिथून मानतात. दादरच्या सिस्टरांनी हे नाव ऐकलेले नाही, पण सकाळी नऊनंतर त्यांच्याकडे धडधाकट माणूस खाटेवर दिसत नाही.

सगळी ठिकाणे अशी नसतात. दुपारी तीनला सगळे आडवे, टीव्ही एकटाच बोलतो आहे आणि एकाच्या पाठीला शय्याव्रण, असेही मी पाहिले आहे. म्हणून कोणाला ठेवायची वेळ आलीच, तर आधी न कळवता दुपारी जा. ऑफिस पाहू नका, संडास पाहा. धरायला दांडी आहे का, फरशी ओली आहे का, रात्री जागे कोण असते, हे विचारा.

मावशी आता वॉकर घेऊन चालते. भाऊ दर रविवारी येतो, तरी 'टाकलंत' हा शब्द तिने अजून मागे घेतलेला नाही. तिथला चहा पांचट असतो, ही तक्रार वेगळीच. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"चाळीला लिफ्ट बसली की कळव रे," म्हणाली.