मावशी तोंड उघडते तेव्हा

तमाशात गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशस्तवन, संपतो आणि गौळणी येतात. प्रेक्षकांकडे पाठ, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला पदर, पायांत चाळ. डोक्यावर दह्यादुधाचे माठ आहेत असं आपण मानायचं आणि गोकुळातून मथुरेच्या बाजाराला निघायचं. वाटेत कृष्ण आडवा, सोबत त्याचा सवंगडी पेंद्या. सगळं पुराणातलं, गोड, भक्तीचं.

तेवढ्यात मावशी तोंड उघडते.

मावशी ही गौळणींची म्होरकी, पण ती वठवतो पुरुष नट. त्याला पुष्कळदा साडीसुद्धा लागत नाही. उपरण्याचं टोक डोक्यावर ओढलं, एक हात कमरेवर ठेवला, की झाली मावशी. कृष्ण दाण मागतो, तर ही उलटतपासणी घेते: तू कोण, कुणाचा, हा कर कधीपासून लागला? बोलता बोलता ज्या गावात फड लागला आहे त्या गावचा बाजार, तिथली महागाई, तिथला पुढारी तिच्या तोंडी येतो. लिहिलेली संहिता नसते. समोरची माणसं बघून बोलणं जागच्या जागी सुचतं. भक्तिकथेची घटकेत गावच्या पारावरची थट्टामस्करी होते!

एकटी मावशी कथेची जातच कशी पालटते? नीट पाहिलं तर ती तीन गोष्टी हलवते. भाषा गाण्यातून रोजच्या बोलण्यात येते. नजर कृष्णावरून सुटून थेट प्रेक्षकांवर जाते. आणि काळ द्वापारातून आजच्या रात्रीत येतो. देखावा तोच, माणसं तीच, तरी खेळ दुसराच.

हीच किमया दूर इंग्लंडच्या रंगभूमीवरही दिसते. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजा डंकनचा खून झाला आहे, मारेकऱ्याच्या हातांना रक्त आहे, आणि दार वाजतं. दार उघडायला येतो झिंगलेला द्वारपाल. तोवर पात्रं काव्यात बोलत होती; हा साध्या गद्यात बडबडतो. आपण नरकाचे राखणदार आहोत असं समजून तो एकेका पाप्याला आत घेतो. नाटक जुन्या स्कॉटलंडमधलं, पण त्याच्या नरकात शिरतो कापड चोरणारा इंग्रज शिंपी, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांच्या ओळखीचा माणूस. भाषा, नजर, काळ: तिन्ही पुन्हा हलले.

थॉमस डी क्विन्सी या लेखकाला लहानपणापासून दारावरच्या त्या थापांनी पछाडलं होतं. 1823 साली त्याने त्यावर एक निबंध लिहिला. खुनाच्या वेळी जणू जग थांबलं होतं. थाप पडते तेव्हा ते पुन्हा चालू होतं, आणि ते थांबलं होतं हे आपल्याला तेव्हाच उमगतं, असं त्याचं म्हणणं.

मला मावशीचं कोडं इथे सुटल्यासारखं वाटतं. ढोलकीवाला लय बदलतो तेव्हाच कळतं, की इतका वेळ आपला पाय आधीच्या लयीत हलत होता. मावशी बोलेपर्यंत आपण गोकुळात पोचलो होतो याचा आपल्यालाच पत्ता नसतो. ती आपल्याला हसवत घरी आणते, आणि किती लांब गेलो होतो ते दाखवते.

म्हणून गौळणीनंतर वग, म्हणजे तमाशातलं मुख्य नाट्य, उभा राहतो तेव्हा प्रेक्षक तयार असतो. जिथे देवालाही हिशेब विचारता येतो, तिथे आता राजा येवो नाहीतर कोतवाल, त्यालाही विचारता येणार. उपरणं डोक्यावरून पुन्हा खांद्यावर येतं. मावशी गेली, पण तिने उघडलेलं दार तसंच उघडं आहे.