फितीची रुजुवात

ज्या कार्यालयाच्या तळघरात मला नेण्यात आले, तेथे रोज रात्री हिशेब, पत्रव्यवहार आणि आस्थापना अशी तीन दप्तरे एकाच एलटीओ-५ कार्ट्रिजवर एकामागून एक उतरत असत, आणि तिन्ही सुखरूप उतरल्याचा दाखला लॉगमध्ये सकाळी बिनचूक हजर असे. फिर्याद एवढीच होती की, हिशेबाची एक फाइल परत हवी असताना ती फितीवर सापडत नव्हती.

अशा प्रसंगी केबल उपटण्याची किंवा सफाईची कार्ट्रिज घालण्याची घाई अनेकांना होते. माझ्या मते आधी 'एमटी स्टेटस' हा हुकूम द्यावा आणि ड्राइव्हची कैफियत शांतपणे वाचावी. घनतेचा संकेत ५८ म्हणजे एलटीओ-५. 'बीओटी' म्हणजे फीत आरंभी उभी आहे. ठोकळ्याचे माप शून्य म्हणजे ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. मात्र ड्राइव्हमार्फत येणारा प्रत्येक संदेश शब्दशः घेण्याजोगा नसतो, कारण १० हजार २४० बाइटांचे ठोकळे गृहीत धरणाऱ्या 'टार'ला ६४ किलोबाइटांचा ठोकळा लागला की 'मेमरी मिळत नाही' अशी तक्रार उमटते, आणि भोळा इसम नवी रॅम विकत आणावयास धावतो; वास्तविक '-बी १२८' एवढे जोडले की काम भागते.

येथे ती अडचण नव्हती. 'टार'कडून यादी मागविली तेव्हा पडद्यावर आस्थापनेचीच नावे सरकू लागली, वस्तुतः आरंभी हिशेब असावयास हवा होता. आणि 'एफएसएफ १' देऊन पुढचे दप्तर गाठू गेलो, तर दप्तर संपल्याच्या खुणेपलीकडे लगेच लेखनाचा अंत, 'ईओडी', ज्याच्या पुढे ड्राइव्ह पाऊल टाकीत नाही, मग पलीकडे जुन्या मजकुराचे अवशेष उरलेले असोत वा नसोत.

दोष स्क्रिप्टमधल्या एका अक्षराचा होता. लिनक्समध्ये त्याच ड्राइव्हला दोन नावे असतात: 'एनएसटी०' या नावाने लिहिले तर काम संपल्यावर फीत आहे तेथेच थांबते, परंतु 'एसटी०' या नावाने लिहिले तर ती प्रत्येक वेळी आरंभापर्यंत गुंडाळली जाते, त्यामुळे रोज वही मिटून पुन्हा पहिल्याच पानावर लिहिणाऱ्या कारकुनाप्रमाणे दुसरे दप्तर पहिल्यावर आणि तिसरे दुसऱ्यावर चढत होते. लॉग खोटा नव्हता. प्रत्येक लेखन खरोखरच यशस्वी झाले होते.

'एन' घातला, तिन्ही दप्तरे पुन्हा उतरविली. स्टेटसने फाइल क्रमांक ३ दाखविला. याउपर तिन्हींची यादी वाचून पाहिल्याखेरीज कार्ट्रिज कपाटात जाऊ नये, अशी तजवीज स्क्रिप्टमध्येच केली. कपाटातल्या जुन्या कार्ट्रिजही तपासल्या. प्रत्येकीवर आस्थापनाच निघाली. हिशेबखात्याने दुपारीच पावत्यांची बाडे खाली उतरवून नोंदी नव्याने चढवावयास घेतल्या.