रस्ताच सांगतो वेग

शाळेसमोरचा झाडांमधून जाणारा अरुंद रस्ता रुंद होतो. झाडे जातात, वळणे सरळ होतात. 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका' ही पाटी मात्र तशीच राहते. तरीही वाहने पूर्वीपेक्षा वेगाने जाऊ लागतात. असे का होते? चालक एकाएकी बेफिकीर झाले का?

चालकाचे लक्ष वेगमापकाकडे अधूनमधूनच जाते. वेगाचा अंदाज तो मुख्यतः डोळ्यांनी घेतो. आगगाडीच्या खिडकीतून पाहिले की रुळालगतचे खांब झपाट्याने मागे पळतात, दूरचा डोंगर मात्र हलत नाहीसा वाटतो. अरुंद रस्त्यावर झाडे, कुंपणे जवळ असतात, म्हणून ताशी ४० कि.मी. वेगही जास्त वाटतो. रुंद, मोकळ्या रस्त्यावर ६० देखील संथ भासतो. पाटी एक सांगते, रस्ता दुसरेच. आणि चालक बहुधा रस्त्याचे ऐकतो.

याच भासाचा उलट उपयोगही करता येतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस स्कॉटलंडमधील न्यूब्रिज येथे, महामार्ग संपून गोल चौक येतो त्याआधी, रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे रंगवले गेले. पट्ट्यांमधील अंतर चौकाकडे कमी कमी होत जाई. वेग तोच ठेवला तर पट्टे अधिकाधिक भराभर येत, आपला वेग वाढतो आहे असे चालकाला वाटे आणि तो ब्रेक दाबे.

वेगातला हा फरक किती महत्त्वाचा आहे? समजा, १४ मीटरवर एक मूल अचानक रस्त्यावर आले. चालकाला ब्रेक दाबायला १ सेकंद लागतो आणि ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो, असे धरू. ताशी ३० कि.मी. वेगाची मोटार पहिल्या सेकंदात ८.३ मीटर जाते व आणखी ५ मीटरवर थांबते. मूल वाचते. ताशी ५० कि.मी. वेगाची मोटार पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर जाते. म्हणजे ती जवळजवळ पूर्ण वेगाने मुलावर आदळते!

म्हणूनच नेदरलंड्समध्ये वस्तीतले अनेक रस्ते ताशी ३० कि.मी. वेगासाठीच बांधलेले असतात: अरुंद, विटांचे, जागोजागी उंचवट्यांचे. एकट्या गतिरोधकापाशी वेग तेवढ्यापुरता कमी होतो आणि पुढे पुन्हा वाढतो. संपूर्ण रस्ताच तसा असला, तर वेग आपोआप आवरला जातो.

आपल्या शाळेसमोर काय घडते, हे विद्यार्थ्यांसह मोजून पाहा. कुंपणाच्या आत राहून, रस्त्याकडेच्या ५० मीटर अंतरावरील दोन खुणा निवडा. हे अंतर तोडायला वाहनाला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० कि.मी.; ३.६ सेकंद लागले तर ५०. शंभर वाहनांचा तक्ता तयार झाला की तो ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्या. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेल्या आकड्यांना अधिक वजन असते. आणि मागणी नव्या पाटीची नको, रस्ता बदलण्याची करा.