‘कशावरून?’ : मुलांच्या उच्चस्तरीय विचारशक्तीची जोपासना

मुलाचे वजन, उंची आणि भूक यांविषयी बोलून झाले की पालक बालरोगतज्ज्ञाला हमखास आणखी एक प्रश्न विचारतात : ‘‘डॉक्टर, याची बुद्धी वाढावी म्हणून काय देता येईल?’’ प्रश्नामागील कळकळ खरी असते. अपेक्षित उत्तर मात्र बहुधा एखादे टॉनिक किंवा एखादा शिकवणीवर्ग असे असते. बुद्धी वाढविणारे औषध वैद्यकशास्त्राजवळ नाही. परंतु विचार करण्याची क्षमता वयानुसार कशी उमलते आणि मोठ्यांच्या कोणत्या वागणुकीने ती जोपासली जाते, याविषयी आज बरेच काही ठाऊक आहे. शिवाय या विषयातील भारतातील एक अत्यंत महत्त्वाचा प्रयोग आपल्या भोपाळपासून जेमतेम ७०-७५ किलोमीटर अंतरावर घडला. या दोहोंचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विचाराच्या सहा पायऱ्या

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांची एक श्रेणी मांडली. २००१ साली तिची सुधारित मांडणी प्रसिद्ध झाली. तीनुसार स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती अशा सहा पायऱ्या आहेत. सर्वसाधारणपणे शेवटच्या तीन पायऱ्यांना उच्चस्तरीय विचारकौशल्ये म्हटले जाते.

जलसंजीवनीचे घरगुती उदाहरण घेऊ. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण सांगता येणे म्हणजे स्मरण. मिठाबरोबर साखर कशासाठी, तर आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम व पाणी शोषले जाते म्हणून, हे उमजणे म्हणजे आकलन. घरी जुलाब सुरू झाल्यावर ते पाणी अचूक तयार करून पाजणे म्हणजे उपयोजन. जुलाब होणाऱ्या दोन मुलांपैकी एक खेळते आहे, दुसरे मलूल असून त्याला कित्येक तासांत लघवी झालेली नाही. यांत कोणती लक्षणे महत्त्वाची आणि कोणती गौण, हे वेगळे काढणे म्हणजे विश्लेषण. या मुलाला घरी ठेवणे सुरक्षित की रुग्णालयात नेणे आवश्यक, याचा सकारण निर्णय म्हणजे मूल्यमापन. आणि ‘जुलाबात पाणी देऊ नये’ असे मानणाऱ्या आजींना हे सारे पटेल अशा रीतीने सांगण्याची युक्ती शोधणे, ही नवनिर्मिती.

या उदाहरणावरून एक गोष्ट ध्यानात येईल. स्मरण ही तुच्छ पायरी नव्हे. प्रमाणच ठाऊक नसेल तर पुढचा सारा विचार पोकळ ठरतो. आपल्या पिढीने पाढे आणि श्लोक पाठ केले, त्यात गैर काही नव्हते. आक्षेप आहे तो पहिल्या पायरीवरच आयुष्यभर बसून राहण्याला.

प्रश्न शिळा झाला की

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांमुळे अशा प्रश्नांचे ‘हॉट्स’ हे संक्षिप्त नाव घरोघरी पोचले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही उच्चस्तरीय विचाराचा आग्रह धरला आहे. परंतु प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न येऊ लागताच त्यांच्या सोडविलेल्या उत्तरांची मार्गदर्शके बाजारात आली आणि मुले ती उत्तरेही पाठ करू लागली.

येथेच या विषयाचे मर्म आहे. प्रश्न उच्चस्तरीय असणे हे केवळ त्याच्या शब्दरचनेवर अवलंबून नसते. मुलाजवळ त्याचे तयार उत्तर आहे की नाही, यावर ते ठरते. कितीही गहन प्रश्न असो, त्याचे उत्तर आधी पुरविले की तो स्मरणाचा प्रश्न होतो. आपल्या व्यवसायबंधूंना हे वेगळे सांगावयास नको. प्लीहा वाढण्याची वीस कारणे घडाघडा सांगणारा विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णाच्या पोटावर हात ठेवल्यावर गोंधळतो, कारण रुग्णाचे उत्तर कोणी आधी लिहून ठेवलेले नसते.

मेंदूची बाजू

आलेल्या पहिल्या विचाराला आवर घालणे, दोन-चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणे आणि जुनी समजूत चुकीची ठरल्यास ती बदलणे, या तीन कार्यकारी क्षमतांवर उच्चस्तरीय विचार उभा असतो. या क्षमतांमध्ये कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागाचा वाटा मोठा असतो. हा भाग मेंदूत सर्वांत सावकाश परिपक्व होतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याची जडणघडण चालू असते. म्हणून आठ वर्षांच्या मुलाकडून प्रौढाच्या तर्काची अपेक्षा करू नये. तसेच चार वर्षांच्या मुलाला ‘तुला काय कळते’ म्हणून गप्पही बसवू नये. हाताळता येणाऱ्या वस्तूंविषयी लहान मुलेही उत्तम तर्क करतात; अमूर्त कल्पनांवरील तर्क साधारणतः अकरा-बारा वर्षांनंतर बहरू लागतो.

या इमारतीचा पाया शारीरिक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त होती. लोहाची कमतरता एकाग्रतेवर आणि शिकण्यावर दुष्परिणाम करते. शाळकरी मुलाला ९ ते १२ तास आणि किशोरवयीनाला ८ ते १० तास झोप हवी. पहाटे पाचला शिकवणीसाठी उठविलेले आणि रात्री अकरापर्यंत जागविलेले मूल विचार करण्याच्या अवस्थेतच नसते. दृष्टिदोष आणि श्रवणदोषही वेळीच तपासले पाहिजेत.

होशंगाबादचा प्रयोग

आज नर्मदापुरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांतून ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी राज्य शासनाच्या संमतीने तो आरंभला. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील वैज्ञानिकांनी त्यास हातभार लावला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पोचला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली.

सहावी ते आठवीच्या या मुलांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नव्हती. प्रयोगाच्या सूचना आणि प्रश्न होते. मुले चौघाचौघांच्या टोळीने साध्या साहित्यावर प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत मांडीत आणि वर्गात चर्चा करून निष्कर्ष काढीत. मूळ आणि पान यांच्या पाठाचेच पाहा. मुलांनी शिवारातून वनस्पती मुळांसकट आणायच्या, कोणाच्या पानावर समांतर शिरा आहेत व कोणाच्या जाळीदार, कोणाला सोटमूळ आहे व कोणाला तंतुमय मुळे, याचा तक्ता करायचा. तक्ता पुरा झाला की त्यातून संबंध आपोआप डोकावतो : समांतर शिरांबरोबर तंतुमय मुळे, जाळीदार शिरांबरोबर सोटमूळ. हेच वाक्य फळ्यावर लिहून दिले असते तर दोन मिनिटांत पाठ झाले असते. पण स्वतः शोधलेल्या नियमावर मूल पुढचा प्रश्न विचारू शकते. आपल्या मराठी स्वयंपाकघरातील अळूचेच पान घ्या. त्याच्या शिरा जाळीदार आणि मुळे मात्र तंतुमय! आता नियम चुकला म्हणायचे, की त्याला अपवाद आहे म्हणायचे? या क्षणी मूल मूल्यमापनाच्या पायरीवर उभे असते.

परीक्षेतही पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. पाठांतर तपासायचे नसेल तर पुस्तक लपविण्याचे कारणच उरत नाही. मुलांचे अनुत्तरित प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावे पत्राने येत आणि त्यांना उत्तरे पाठविली जात. शिक्षकांचे उन्हाळी प्रशिक्षण आणि मासिक बैठका हा कार्यक्रमाचा कणा होता. कारण ज्याला स्वतःला शंका विचारण्याची सवय नाही, तो मुलाची शंका सहन करू शकत नाही. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून वर्षभर रजा घेऊन १९७८ साली येथे आलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांपासून भौमितिक आकृत्या बनविल्या. त्यांचे पुढील सारे खेळणी-विज्ञान या मातीत रुजले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली शासकीय निर्णयाने बंद झाला. एकलव्य संस्था मात्र भोपाळमध्येच, जाटखेडी भागात आहे. १९८५ मध्ये तिने सुरू केलेले ‘चकमक’ हे बालमासिक आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी वाचले असेल.

विचार करणारा आणि ऐकणारा

कार्यक्रम बंद पडला, यावरून एवढे निश्चित कळते की मुलांनी विचार करावा असे वाटणे पुरेसे नाही. तो विचार पेलणारा समाजही हवा. याची सर्वांत जड किंमत आपल्याच शहराने मोजली आहे. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. राजकुमार केसवानी हे पत्रकार होते, रसायनशास्त्रज्ञ नव्हेत. त्यांनी माहिती जमविली, वाचली, प्रश्न विचारले. कारखान्यातील हे वायू हवेपेक्षा जड आहेत, म्हणजे गळती झाल्यास ते जमिनीलगत वस्तीत पसरतील, हे त्यांनी ताडले. १९८२ मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तून त्यांनी धोक्याचा इशारा दिला. तो कोणी गांभीर्याने घेतला नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय घडले, ते भोपाळकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. विश्लेषण आणि मूल्यमापन हे शब्द परीक्षेपुरते नाहीत, ते असे जीवन-मरणाचे आहेत.

घरी काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात; हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला तरी मुलांची उत्तरे अधिक विस्तृत व सकारण होतात. आपण पालकही बहुधा प्रश्न विचारून उत्तर स्वतःच देऊन टाकतो.

दुसरी गोष्ट, ‘कशावरून?’ हा शब्द. उत्तर चूक असो वा बरोबर, तो मृदू स्वरात विचारावा. केवळ चुकीच्या उत्तरालाच विचारला तर तो उलटतपासणी वाटतो. आणि मुलाने हाच शब्द आपल्याला विचारला तर त्यास उद्धटपणा समजू नये. आपली मुले शाळेत इंग्रजी, मैदानात हिंदी आणि घरी मराठी बोलतात. ज्या भाषेत मनमोकळे भांडता येते, तीत विचारही मोकळा होतो. त्यासाठी घरची मराठी जपावी.

तिसरी गोष्ट, रोजच्या घटनांतील कार्यकारणभाव तपासणे. विषाणुजन्य ताप पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर किंवा औषध बदलले तर श्रेय त्या बदलाला मिळते. बऱ्या झालेल्या मुलालाच विचारावे, ‘‘औषध बदलले नसते तर काय झाले असते? ते कसे कळेल?’’ बारा वर्षांचे मूल या प्रश्नातून तुलनेची गरज स्वतः ओळखू शकते. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या आरोग्यविषयक संदेशांनाही हीच कसोटी लावता येते.

आपल्या व्यवसायबंधूंना एक विनंती. २०१९ पासून वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमही क्षमताधिष्ठित झाला आहे. परंतु विचार करण्याची सवय महाविद्यालयात पोचण्यापूर्वीच लागलेली असते किंवा मोडलेली असते. तपासणीच्या खोलीत आपण पालकांशी बोलतो आणि मूल ऐकत असते. ‘‘हे औषध का देतो आहे आणि हे का देत नाही’’ ही दोन वाक्ये थेट त्या मुलाला सांगण्यास अर्धा मिनिट लागतो. वैद्य कारणे देतो आणि आपल्याला प्रश्न विचारू देतो, एवढे जरी त्याने पाहिले तरी ते शिदोरीसारखे त्याच्यासोबत राहील. पिपलानीतील प्रत्येक घरात आणि प्रत्येक दवाखान्यात ‘कशावरून?’ या शब्दाचे स्वागत होवो, हीच सदिच्छा.