बांधावरचा तरवड आणि वावरातले वांगे
इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मोकळ्या जमिनींतून परागीकरणाचा धडा

बंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे 'केऑनिक्स'ने, १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. महामंडळाचे तत्कालीन प्रमुख आर. के. बालिगा हे या कल्पनेचे जनक मानले जातात. आज तेथे काचेच्या इमारती आहेत आणि २०१० पासून सुमारे १० किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग आहे. तरीही इमारतींच्या मधले रिकामे भूखंड, तलावांचे काठ आणि रस्त्याकडेच्या पट्ट्या यांच्यात जुन्या शिवाराचे अवशेष टिकून आहेत. दख्खनच्या कोरड्या माळावरील तरवड, रुई, उन्हाळी, निर्गुडी, बोर अशा वनस्पतींना आता अशाच जागांचा आधार उरला आहे.

नगररचनेच्या नकाशात या जागा 'रिकाम्या' असतात. कीटकांच्या दृष्टीने मात्र त्या भरलेल्या असतात. या जागांवर कोणती फुले केव्हा फुलतात आणि त्यांवर कोणते कीटक येतात, हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यालाही अभ्यासता येईल इतका सोपा आहे. त्याचे उत्तर मात्र वांगी आणि टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या उत्पन्नापर्यंत पोहोचते.

'पडीक' या शब्दाची किंमत

महसुली नोंदींत ज्या जमिनीवर पीक नाही ती पडीक ठरते. गवताळ आणि झुडपी माळांचा समावेश सरकारी नकाशांतही वर्षानुवर्षे पडीक जमिनींमध्ये होत आला आहे. एकदा जमीन पडीक ठरली की तिचा कोणताही वापर हा सुधारणाच वाटतो. बंगळुरूच्या वायव्येकडील हेसरघट्टा येथील गवताळ माळ राखण्यासाठी निसर्ग अभ्यासकांना दीर्घकाळ झगडावे लागले, त्यामागे हीच दृष्टी होती. महाराष्ट्रातही सह्याद्रीतील कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पण गावामागचा साधा माळ, ओढ्याचा काठ आणि शेताचा बांध यांची नोंद कोणी घेत नाही.

परागीकरण करणाऱ्या कीटकांचे जीवन बहुतांशी अशाच बिननोंदीच्या जागांवर अवलंबून असते. भारतात मधमाशी कुळांतील सातशेहून अधिक जाती आढळतात. आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंखहीन पोया या मध साठवणाऱ्या माश्या सर्वांना ठाऊक आहेत. उरलेल्या बहुसंख्य माश्या एकट्या राहतात, मध साठवत नाहीत आणि जमिनीत, मातीच्या भिंतीत किंवा वाळल्या लाकडात घर करतात. त्यांच्यापैकी लहान माश्यांची चाऱ्यासाठी फिरण्याची कक्षा काहीशे मीटरच असते. म्हणून शेतापासून दोन किलोमीटरवरचे रान कितीही समृद्ध असले तरी या माश्यांना त्याचा उपयोग होत नाही. त्यांना घर आणि चारा दोन्ही शेताजवळच लागतात.

तरवड आणि वांगे यांचे नाते

तरवड हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परिचित झुडूप आहे. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे आणि पिवळ्या फुलांच्या माळा अनेक गावांत नवरात्रात घटावर चढतात. कर्नाटकात त्याला तंगडी किंवा आवरिके म्हणतात, तर शेजारच्या तेलंगणाचे ते राज्यपुष्प आहे. परागीकरणाच्या दृष्टीने या फुलाची रचना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

तरवडाच्या फुलात मध नसतो. कीटकाला देण्यासाठी त्याच्याजवळ केवळ परागकण असतात आणि तेही बंदिस्त असतात. परागकोश लांबीने न उकलता केवळ टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून उघडतो. मिठाच्या डबीसारखा तो हलवावा लागतो. काही माश्या फुलाला घट्ट धरतात, पंख न हलवता उडण्याचे स्नायू वेगाने थरथरवतात आणि त्या कंपनाने परागकण छिद्रांतून उसळून बाहेर पडतात. या वेळी फुलाजवळ कान दिल्यास उडण्याच्या गुणगुणीपेक्षा वेगळा, तीव्र स्वर ऐकू येतो. यास कंपन-परागीकरण म्हणतात.

वांगे आणि टोमॅटो यांच्या परागकोशांची रचनाही अशीच आहे. ही फुले स्वतःच्या परागकणांनीही फलित होऊ शकतात आणि वाऱ्याने झाड हलले तरी काही परागकण कुक्षीवर पडतात. मात्र कंपन करणारी माशी आल्यास परागकणांचा भरपूर पुरवठा होऊन फळधारणा आणि बियांची संख्या सुधारते. मोठे काळे सुतारी भुंगे, पोटावर निळे पट्टे असलेल्या अमेजिला जातीच्या माश्या आणि जमिनीत घर करणाऱ्या होप्लोनोमिया या माश्या हे काम करतात. सातेरी आणि मेलिफेरा या पाळीव मधमाश्यांना अशा प्रकारे कंपन करता येत नाही.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल किंवा डाळिंबासाठी मधपेट्या ठेवणे उपयुक्त आहे. परंतु वांग्याच्या प्लॉटमध्ये पेटी ठेवून रानमाशीची उणीव भरून निघत नाही. तिला पेटीत आणता येत नसल्यामुळे तिचे घर राखणे हाच उपाय उरतो. तरवडासारखे झुडूप बांधावर असेल तर वांग्याचा बहर नसतानाही या माश्यांना परागकणांचा चारा मिळतो आणि पीक फुलोऱ्यावर येते तेव्हा त्या शिवारातच असतात. तरवडात मध नसल्याने शेजारी रुई, निर्गुडी, उन्हाळी यांसारख्या मध देणाऱ्या वनस्पतीही हव्यात. रुईच्या फुलावर सुतारी भुंगे हमखास येतात.

बंगळुरूतील संशोधन काय सांगते

वाढत्या शहराचा परागीकरणावर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी बंगळुरू हे भारतातील महत्त्वाचे अभ्यासक्षेत्र ठरले आहे. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी चार वर्षे शहराच्या वेगवेगळ्या प्रदूषण-पातळीच्या भागांत आग्या माश्यांचे निरीक्षण केले. अठराशेहून अधिक माश्यांवर आधारित हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक प्रदूषित भागांत माश्यांच्या फुलांवरील भेटी कमी आढळल्या. मध्यम आणि तीव्र प्रदूषणाच्या ठिकाणांहून गोळा केलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या २४ तासांच्या आत मृत झाल्या. माशी फुलावर दिसली म्हणजे ती सुदृढ आहे, असे गृहीत धरता येत नाही, हा या अभ्यासाचा इशारा आहे.

जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठ आणि बंगळुरूचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या सहकार्यातून शहर ते ग्रामीण भाग अशा पट्ट्यातील शेतांवरही अभ्यास झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शहरीकरणाची पातळी कमी असलेल्या ठिकाणी रानमाश्यांना लाभ होतो, तर कीटकनाशकांमुळे त्यांची हानी होते. या प्रकल्पातील पुढील अभ्यासाने वनस्पती आणि कीटक यांचे परस्परसंबंध ऋतूनुसार कसे बदलतात हे तपासले. शहरी भागात हा ऋतुबदल ग्रामीण भागापेक्षा अधिक तीव्र आढळला आणि त्यास प्रामुख्याने देशी, बिगरपीक, कोणीही न लावलेल्या वनस्पतींतील बदल कारणीभूत होते.

हा शेवटचा निष्कर्ष विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. आपोआप उगवणाऱ्या देशी वनस्पती ऋतूनुसार येतात आणि जातात, आणि त्यांच्यासोबत कीटकांचे जाळेही बदलते. म्हणून एका महिन्यातील मोजणीवरून एखाद्या जागेचे मूल्य ठरवता येत नाही. मार्चमध्ये ओसाड दिसणारा माळ सप्टेंबरमध्ये शिवाराला माश्या पुरवत असू शकतो.

पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असा अभ्यास

अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०१५ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केले तेव्हा त्याचे संकुल इलेक्ट्रॉनिक सिटीतच होते. परिसर हीच प्रयोगशाळा मानण्याची संधी अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला सहज मिळते. महाराष्ट्रातील कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांजवळ तर यापेक्षाही मोठी संधी आहे. अंतिम वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे 'रावे', कार्यक्रमात ते काही आठवडे गावात राहून शेतकऱ्यासोबत काम करतात. त्या काळात पुढील आराखड्याने एक उपयुक्त अभ्यास करता येतो.

१. जागांची निवड: राखलेला बांध, तणनाशकाने साफ केलेला बांध आणि माळाचा तुकडा अशा तीन प्रकारच्या जागा निवडाव्यात. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन जागा असाव्यात. अन्यथा दिसलेला फरक एका शेतापुरता योगायोग असू शकतो.

२. फुलांची नोंद: ठरावीक लांबीच्या पट्टीत फुललेल्या प्रत्येक वनस्पतीचे नाव आणि फुलांची अंदाजे संख्या लिहावी. देशी आणि परदेशी वनस्पती वेगळ्या नोंदवाव्यात. घाणेरी, गाजरगवत आणि एकदांडी या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. एकदांडीवर माश्या आणि फुलपाखरे पुष्कळ येतात, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे.

३. कीटकांचे निरीक्षण: फुलांच्या एका समूहासमोर १५ मिनिटे शांत बसून भेटी मोजाव्यात. सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशा तिन्ही वेळा साधाव्यात. जात ओळखता न आल्यास 'मोठा काळा भुंगा', 'निळ्या पट्ट्यांची माशी', 'सातेरी', 'फुलपाखरू' असे गट पुरेसे आहेत. कंपनाचा स्वर ऐकू आला का, याची वेगळी नोंद करावी.

४. वांग्यावरील प्रयोग: जवळच्या वांग्याच्या प्लॉटमध्ये फुलांचे तीन संच करावेत. पहिल्या संचातील कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधावी, दुसरा संच मोकळा सोडावा आणि तिसऱ्या संचातील फुलांना हाताने भरपूर परागकण द्यावेत. तिसऱ्या संचाच्या तुलनेत मोकळ्या फुलांची फळधारणा कमी भरली, तर त्या शिवारात परागीकरणाची तूट आहे असे समजावे.

या प्रयोगात नवख्या विद्यार्थ्याची एक चूक हमखास होते. वांग्याच्या एकाच झाडावर लांब, मध्यम आणि आखूड स्त्रीकेसराची फुले असतात. आखूड स्त्रीकेसराच्या फुलांत कुक्षी परागकोशांच्या खाली दडलेली असते आणि त्यांना फळ क्वचितच धरते. तिन्ही संचांत ही फुले वेगवेगळ्या प्रमाणात आली तर निष्कर्ष फसवा ठरतो. म्हणून केवळ कुक्षी परागकोशांच्या वर आलेली फुलेच प्रयोगासाठी घ्यावीत.

एका गटाचा मुक्काम संपला तरी त्याच जागा पुढच्या तुकडीकडे सोपवाव्यात. ऋतुबदलाचे चित्र असे वर्षानुवर्षे जोडूनच पूर्ण होते. कृषी विज्ञान केंद्राने या वह्या एकत्र ठेवल्यास तालुक्याचा परागीकरण-आलेख तयार होऊ शकतो.

शेतकऱ्यांसाठी पाच गोष्टी

• एक बांध राखावा: सर्वच बांध साफ न करता किमान एका बांधावर तरवड, निर्गुडी, उन्हाळी, बोर यांना जागा द्यावी. छाटणी फुलोरा संपल्यावर करावी.

• वनस्पती निवडून ठेवाव्यात: बांध राखणे याचा अर्थ सगळे तण वाढू देणे असा होत नाही. गाजरगवतावर पिठ्या ढेकूण आश्रय घेतो. धोतरा, रानवांगी, कामुनी या वांगेवर्गीय तणांवर पिकाच्या किडी आणि रोग टिकून राहतात, त्यामुळे ती काढावीत. तरवड आणि उन्हाळी शेंगवर्गीय असल्याने वांग्याचे जवळचे नातलग नाहीत.

• जमिनीचा तुकडा न नांगरता ठेवावा: जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना उघडी, न हलवलेली माती लागते. इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी फरसबंदी आणि हिरवळीचे गालिचे हीच जागा हिरावून घेतात. शेतात तेच काम खोल नांगरट आणि सलग प्लास्टिक आच्छादन करते.

• वाळके लाकूड जाळू नये: सुतारी भुंगे वाळक्या फांद्यांत आणि बांबूत बीळ करतात. बांधाच्या कोपऱ्यात अशा फांद्यांचा छोटा ढीग ठेवावा.

• फवारणीची वेळ बदलावी: शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार फवारण्या होतात. कीडग्रस्त शेंडे काढून नष्ट करणे आणि कामगंध सापळे यांवर भर द्यावा. फवारणी अपरिहार्य असेल तर माश्यांचा वावर थांबल्यावर, सायंकाळी करावी आणि फवाऱ्याचा झोत बांधावरील फुलांवर जाऊ देऊ नये.

गावाचे शहर होण्याआधी

इलेक्ट्रॉनिक सिटीत जुन्या शिवाराचे उरलेले तुकडे कोणत्याही बांधकाम हंगामात नाहीसे होऊ शकतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर यांच्या सीमेवरील गावांतही भाजीपाल्याचे पट्टे आणि बिगरशेती भूखंड शेजारी शेजारी आहेत. तेथे अजून बांध आहेत, माळ आहेत आणि तरवडही आहे. एकदा तेथील माती फरसबंदीखाली गेली की त्या ठिकाणी कोणत्या माश्या होत्या हे सांगणारा पुरावाही उरत नाही.

म्हणून नोंद आधी व्हायला हवी. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. वही, घड्याळ, मलमलीच्या काही पिशव्या आणि १५ मिनिटे स्थिर बसण्याची तयारी एवढे पुरते. विद्यार्थ्याने मोजलेले आकडे शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभे राहून पाहिले, तर 'पडीक' म्हणून सोडलेल्या त्या पट्टीकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल. पुढच्या वेळी तणनाशकाचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी पिवळ्या फुलावर थरथरणाऱ्या माशीचा स्वर त्याला ऐकू आला, तर तो बांध राखला जाण्याची शक्यता आहे.